आत्याबाईच्या मिशा

२६ जून १९७८, सोमवार

म्हणींचा धडा यंदाही पुढे ढकलणार, हे ठरून गेलं. शाळा उघडली, आठवी ‘क’ हातात आली, आणि मी पुस्तकात पहिल्यांदा काय शोधलं, तर ते पान! सत्तावीस म्हणी आहेत. सव्वीस मी बारा वर्षं शिकवते आहे. एक राहते. ‘आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं’ — तिथे आलं की मी म्हणते, “ही घरी करा.” मुली हसतात. म्हणीला हसतात की मला, हे विचारायची सोय नाही.

माझ्या आत्याबाईला खरंच मिशा होत्या. तिला कोणी काका म्हटलं नाही.

गळा पुन्हा बसला. पहिल्याच दिवशी! मागच्या दिवाळीपासून असाच आहे. खडूची धूळ, दुसरं काय. हेडबाई म्हणाल्या, “गभणे बाई, काल फोनवर मला वाटलं कोणी गडीमाणूस बोलून राहिला.”

हसले मी. काय करणार.

२ जुलै

दादा आला. पारशिवनीच्या बसने, न कळवता. बरोबर त्याची गोपिका. तोंडाला ओढणी गुंडाळलेली — लू लागू नये म्हणून उन्हाळ्यात बांधतो तशी. जुलैत कोण बांधतं?

खोलीत आल्यावर ओढणी काढली. वरच्या ओठावर आडवी चीर, खपली धरलेली. बापाच्या वस्तऱ्याने स्वतःच केलं म्हणे. पंधरा वर्षांची पोर! हनुवटीखाली काळी लव, कानापासून खाली आलेल्या रेषा. मला आरशात पाहिल्यासारखं झालं. वीस वर्षांपूर्वीच्या आरशात.

दादा बोलता बोलता भिंतीकडे पाहत होता. “पोट्टे दाढीवाली म्हणतात तिले. नववीची परीक्षा कशीबशी दिली. आता दहावीत पायच ठेवत नाही. हिची माय म्हणते, लग्न लावून टाका, अजून वाढायच्या आधी. रामटेकचे पाहुणे आहेत, दिवाळीनंतर येतो म्हणतात. म्या म्हटलं, पहिले माह्या बहिणीले, प्रेमाले विचारतो.”

मग जाताना, जिन्यात, हळूच : “सुभद्रा म्हणे, बाईले सांगा, पोरगी तुमच्यावर गेली.”

वहिनीचं चुकलं नाही. पण जिन्यात उभं राहून ऐकायला बरं वाटलं नाही.

३ जुलै

दादा गोपिकाला माझ्याकडे ठेवून गेला. तिने पोळ्या केल्या, मी वरण. चांगल्या करते पोळ्या.

९ जुलै

रविवार. गोपिकाने विचारलं, “रंभाआजी कशी होती वं आत्या?” तिने फक्त नाव ऐकलंय.

मग मी सांगत सुटले. दोन तास! रंभाआत्या — माझ्या वडिलांची, बापूजींची धाकटी बहीण. उमरेडला दिली होती. दोन वर्षांत नवरा पटकीने गेला, ती परत आली ती कायमची. आमची पारशिवनीची वाडी तीच पाहायची. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभी राहून हाक मारली की नदीपलीकडचा गडी वळून पाहायचा. बैलबंडी स्वतः हाकायची. आणि ओठावर मिसरूड — पातळ नव्हे, चांगलं दिसेलसं. हनुवटीवर सात-आठ राठ केस. मी मांडीवर बसून ते मोजायची.

बाजाराच्या दिवशी नत्थूजी पानवाला मुद्दाम म्हणायचा, “या रंभाजी!” आत्या म्हणायची, “आली गा. तुह्या मिशीपेक्षा माही बरी हाय, म्हणून जळून राहिला का?” सगळा बाजार हसायचा, नत्थूजी सगळ्यांत जास्त. मग तो मला गोड सुपारी द्यायचा.

तिच्या अंगाला मोहाच्या तेलाचा वास यायचा. हिवाळ्यात पहाटे ती मला कांबळ्यात गुंडाळून शेकोटीशी बसवायची, गोवऱ्यांत शेंगा भाजायची, सोलून सोलून तोंडात घालायची. चटका बसू नये म्हणून आधी स्वतःच्या ओठाला लावून पाहायची. शेंगदाण्याबरोबर तिच्या मिशीचा स्पर्श व्हायचा. अजून शेंगा भाजल्याचा वास आला की ओठांना काहीतरी टोचतं.

गोपिका म्हणाली, “तिले लाज नव्हती वाटत?”

“नाही,” मी म्हटलं. खात्रीने.

मग ही मी अशी कशी निपजले? तिच्याच रक्ताची ना?

१६ जुलै

आज पकडली गेले.

सकाळी साडेपाचला खिडकीशी, आरसा, चिमटा. रोजचा अर्धा तास. आता अर्धा तास पुरत नाही, संध्याकाळीही बसावं लागतं. गोपिका झोपली आहे असं वाटलं. वळले तर ती उठून बसलेली, माझ्याकडे टक लावून.

माझं हे कोणी पाहिलेलं नाही. आईनेसुद्धा नाही.

ती जवळ आली. म्हणाली, “मले शिकव ना. वस्तऱ्याने कापते.” 

शिकवलं. कातडी ताणून धरायची, मुळाशी पकडायचं, ज्या दिशेने वाढतो त्या दिशेने ओढायचं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही — तिचं चिमट्यामुळे.

मग तिने विचारलं, तू लग्न काहून नाही केलं. मी सांगितलं. त्रेसष्टची गोष्ट. काटोलचे लोक पाहायला आलेले. मुलगा चांगला होता, तलाठी. पोहे झाले, प्रश्न झाले. मग त्याची आई म्हणाली, “मुलीला जरा उजेडाकडे बसवा.”

एवढंच. त्यानंतर मी कोणालाच दाखवून घेतलं नाही. बी.एड. केलं, नागपूर धरलं.

गोपिकाने चिमटा पुसून ठेवला. मग म्हणाली, “रामटेकचे आले तर मलेही उजेडात बसवतील.”

२४ जुलै

हेडबाईंच्या हातापाया पडून तिचं नाव आमच्याच शाळेत घातलं. दहावी ‘अ’. मुलींची शाळा, पोट्टे नाहीत. पहिल्या दिवशी माझ्या पदराला धरून आली, घरी आली तेव्हा एका मुलीचं नाव सांगत होती.

३० जुलै

सदर भागात एका चिनी बाईचं दुकान आहे, केस कापायचं, भुवया कोरायचं. आयुष्यात पहिल्यांदा पायरी चढले. गोपिकासाठी — असं म्हणायचं.

बाई कलकत्त्याची, हिंदी फर्डी. दोरा दातात धरून गोपिकाच्या ओठावरून असा फिरवला की पाच मिनिटांत साफ! मी पाहत होते ते त्या बाईचे हात. कोपरापर्यंत एक लव नाही. काचेच्या बरणीसारखे. मी न राहवून विचारलं, काय लावता? ती हसायला लागली. “कुछ नहीं. हमारे में होता ही नहीं. मेरी माँ का भी ऐसा, नानी का भी ऐसा.” मग गोपिकाच्या पापण्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “इतनी घनी पलकें! मैं तो बचपन से इसके लिए रोती थी.”

परत येताना बसमध्ये गोपिका खिडकीच्या काचेत स्वतःच्या पापण्या पाहत होती. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

६ ऑगस्ट

त्या चिनी बाईनेच जाता जाता सांगितलं होतं : जरीपटक्यात एक लेडी डॉक्टर आहे, लडकी को एक बार दिखाओ, उमर कम है. दादाला पत्र टाकलं. उत्तर आलं — दाखव. खाली आईचा अंगठा. आई पत्राला अंगठा का लावते कोण जाणे! सही समजते.

१२ ऑगस्ट

डॉक्टर मोटवानी. पन्नाशीच्या, ठेंगण्या, चष्मा. गोपिकाला आधी काहीच विचारलं नाही, स्वतःची बाही वर करून हात पुढे केला. कोपरापर्यंत काळेभोर केस! “ये देखो. मी सिंधी आहे. आमच्याकडे मुलगी हातावर जंगल घेऊनच जन्मते.”

गोपिका हसली. मी तिला महिनाभरात एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

मग प्रश्न. पाळी कधी सुरू झाली, वेळेवर येते का, केस कधीपासून, हळूहळू की एकदम. घरात आणखी कोणाला. मी रंभाआत्याचं सांगितलं. बापूजींच्या आईलाही होते म्हणतात. आणि मला.

डॉक्टर गोपिकाशी बोलत होत्या, मधूनच हिंदी, मधूनच मराठी. “बघ बेटा. प्रत्येक बाईच्या रक्तात थोडं पुरुषाचं द्रव्य असतं. चीन-जपानच्या बाईच्याही असतं, तेवढंच. पण तिची कातडी ते ऐकत नाही. आपली कातडी ऐकते. सिंधी, पंजाबी, इराणी — आमच्या कातडीला तर कान जरा जास्तच! आणि एकाच गावात, एकाच जातीत, एखादं घराणं असं असतं. बापाकडून येतं, आईकडूनही येतं. तुझं नीट आहे सगळं. हा आजार नाही. खानदान आहे. काढायचे तर काढ, ठेवायचे तर ठेव. लग्न, मुलंबाळं, कशाला काही अडचण नाही.”

गोपिकाने माझा हात धरला. मी म्हटलं, थँक्यू डॉक्टर. उठले.

डॉक्टर उठल्या नाहीत. “बहनजी, आपकी आवाज़ हमेशा से ऐसी है?”

खडू, मी म्हटलं.

“कधीपासून?”

मागच्या दिवाळीपासून.

“पाळी?”

मी गोपिकाकडे पाहिलं. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं. मग मी सांगितलं. शहात्तरच्या ऑगस्टपासून नाही. आईचीही लवकर गेली होती. मीही म्हातारी झाले, असं धरून चालले. केस दीड वर्षात दुपटीने वाढले. कपाळावरचे मागे हटले. सगळं सांगितलं — आणि सांगताना वाटलं, हे मी ओळीने कधी मांडलंच नव्हतं. या वहीतसुद्धा!

त्यांनी टेबलावर झोपवून आतून तपासलं. डाव्या बाजूला हात थांबला. बराच वेळ.

“लडकी का तो खानदान है,” त्या हात धूत म्हणाल्या. “आपका नहीं. खानदान धीरे चलता है, बहनजी. ये दौड़ के आया है.”

१३ ऑगस्ट

आज लिहवत नाही.

१९ ऑगस्ट

चोवीस तासांची लघवी मोठ्या बाटलीत जमवून द्यायची होती. शाळेतून रजा घेतली, कारण लिहिलं ‘घरगुती’. बाटली पिशवीत, पिशवी मांडीवर, बस जरीपटक्याला! शेजारची बाई म्हणाली, “ताक आहे का?” इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटलं.

२६ ऑगस्ट

गाठ आहे. डाव्या अंडाशयात. तीच ते पुरुषी द्रव्य सोडते आहे; आवाज, वाढलेले केस, थांबलेली पाळी, सगळं तिच्यामुळे. काढावी लागेल. कसली आहे ते काढल्यावरच कळेल. ‘कसली’ म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सहामाही परीक्षेनंतर, दसरा संपला की.

वीस वर्षं मी प्रत्येक केसाला आत्याचं नाव दिलं. त्यातले निम्मे तिचे नव्हतेच.

३ सप्टेंबर

काल पोळा, आज मारबत. गोपिकाच म्हणाली, चल. महाल भागात ही गर्दी! काळ्या मारबतीचा मोठा पुतळा आला, पिवळीचा आला, लोक ओरडत होते : रोगराई घेऊन जा गे मारबत! मीही ओरडले. माझा आवाज पुरुषांच्या आवाजात मिसळून गेला, कोणी वळून पाहिलं नाही. गोपिकाची ओढणी घरीच राहिली होती. तिला आठवलं तेव्हा आम्ही घरी पोचलो होतो.

१० सप्टेंबर

पारशिवनी. आईला सांगायला गेले.

आई ऐकत होती, सुपात तांदूळ निवडत. गाठीचं ऐकून हात थांबले, पुन्हा सुरू झाले. वहिनीला मी डॉक्टरांचं सगळं सांगितलं — गोपिकाचा आजार नाही, लग्नाची घाई करू नका, पोरीला मॅट्रिक होऊ द्या. वहिनी म्हणाली, “डॉक्टरीण सांगून राहिली म्हणून लोकांचे डोळे थोडीच बंद होते, बाई?” ते खरंच आहे. तरी मी म्हटलं, “रंभाआत्याने कोणाचे डोळे बंद केले होते? तिला लाज नव्हती.”

आई एकदम म्हणाली, “कोन सांगतलं तुले? रंभीले लाज नव्हती म्हून?”

मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं उतरवते.

“लग्न होऊन मी आली ना, तवा रंभीचा चेहरा साफ राहे. दर बाजाराच्या आदल्या दिशी आमी दोघी मागच्या खोलीत बसो. राख लावू, अन् दोऱ्यानं म्या काढो तिचे केस. तोंडात पदराचा बोळा कोंबून बसे ते. रडे लई. म्हणे, वयनी, माहा नवरा पटकीनं नाही मेला, मले पाहून मेला. पाच-सहा वर्सं चाललं असं. मंग तू झाली. आंगावरच राहे तू तिच्या. तू तीनेक वर्साची असशील, मले बाळंतपन होतं तवा — तुया मांगचं पोरगं, जगलं नाही ते. महिनाभर मी खाटेवर. रंभीचे केस कोन काढन? तसेच वाढू देल्ले तिनं. तुले रातदिस तेच पाहे. मी उठली, अन् कोनाचं तरी लगन आलं. दोघी बसलो, काढले सारे. बाहेर येऊन तुले घ्याले हात लांबवले तिनं, अन् तू वळखलंच नाही वं! चिरकली अशी! माही आत्या कुठी गेली, माही आत्या आन, म्हणून दिसभर रडली. तिच्या हातचं पानी नाही घेतलं. ते लग्नाले गेलीच नाही. संध्याकाळी मले म्हणे, वयनी, आता ऱ्हाऊ दे. पोरगी भिऊन राहिली. त्या दिसापासून दोरा नाही लावला तिनं. लोकाइले हसवे ते, हसाच्या आधीच. लाज तर मरेपर्यंत वाटली तिले.”

आई पुन्हा तांदूळ निवडायला लागली. वहिनी चुलीपाशी उभी, डोळ्याला पदर.

मला काही आठवत नाही. किती ताणून पाहिलं, तरी तो दिवस आठवत नाही! मला फक्त मिशी असलेलीच आत्या आठवते.

१८ सप्टेंबर

आठवी ‘क’. सत्तावीसच्या सत्तावीस म्हणी शिकवल्या.

मागच्या बाकावर खुसपूस झाली. मी म्हटलं, हसा. माझ्या आत्याला होत्या. छान दिसायच्या. आता अर्थ लिहून घ्या — जे नाही ते असतं तर काय झालं असतं, अशी निरर्थक चर्चा करू नये. एका मुलीने हात वर केला. “बाई, पण तुमच्या आत्याला तर होत्या. मग ही म्हण खोटी ना?”

“शंभरपैकी शंभर,” म्हटलं, आणि घंटा झाली.

१५ ऑक्टोबर

उद्या दवाखान्यात भरती. दोन पातळं, तांब्या, फणी. चिमटा घेतला नाही. दहा-बारा दिवस डॉक्टर, नर्सा, सगळे पाहतील. पाहू देत. पहिल्यांदा असं वाटतंय की मला आत्या घ्यायला यावी. बैलबंडी घेऊन. सदतिसाव्या वर्षी!

२३ ऑक्टोबर

शिवण ओढते. लिहिताना घाम येतो. गाठ छोट्या संत्र्याएवढी होती म्हणे. नागपूरकरांना दुसरं माप माहीत नाही. डाव्या बाजूचं काढलं, उजवं नीट आहे. गाठीचा तुकडा तपासायला गेला.

उशाशी वहिनी. सहा दिवस झाले, हललेली नाही. आज माझी वेणी घालता घालता म्हणाली, “रामटेकवाल्यांले नाही म्हणून कळवलं, बाई.” तिने माझ्या हनुवटीवरचे वाढलेले केस पाहिले, आणि कुरवाळल्यासारखा हात फिरवला.

४ नोव्हेंबर

कागद आला. साधी गाठ. पसरलेली नाही.

डॉक्टर मोटवानी म्हणाल्या, “नए बाल कम होंगे. जुने राहतील, ते तुमच्या आत्याचे. आवाज परत येणार नाही.” 

नसेना का! हाक लांबवर जाते.

गोपिका जिन्यात बसून रडली. मग वर येऊन भूगोल पाठ करत बसली. एका शनिवारी तिला दोरा लावायचा असतो, पुढच्या शनिवारी नको म्हणते. तिचं ती पाहील.

१४ डिसेंबर

पाचवा तास, आठवी ‘क’, फळ्यावर लिहीत होते. पोटात कळ आली. शिवणीची वाटली. मग कळलं.

पाळी आली! दोन वर्षं चार महिन्यांनी. शिपाईण प्रयागबाईकडून कापड मागून घेतलं. ती म्हणाली, “बाई, तुमाले अजून येते का?” 

मी सदतीस वर्षांची आहे. फक्त सदतीस!